बॅटरी बदलण्याआधी: जुन्या गाडीचं चार्जिंग नेमकं कुठे अडकतं?

आमच्या आसगावात आणि पवनीपर्यंतच्या गावांत जुन्या गाड्यांना निवृत्ती नसते. शहरात केव्हाच भंगारात गेली असती अशी जीपगाडी इथे चौरासच्या धानपट्ट्यात अजून खताची पोती वाहते, लग्नाचं वऱ्हाड नेते आणि रात्री-अपरात्री पेशंटला घेऊन भंडाऱ्याला पळते. या गाड्यांबद्दल सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार एकच: "बॅटरी टिकत नाही." त्यावरचा इलाजही सगळीकडे एकच. नवीन बॅटरी घ्या.

आम्हीही तेच केलं. आमची गाडी 1999 सालची डिझेल जीप, अब्बांनी सेकंडहँड घेतलेली. चौदा महिन्यांत तिच्यात दोन बॅटऱ्या टाकल्या, दुसरी तर उधारीवर. तेवढ्या पैशांत लेकीची वर्षाची फी भरून झाली असती. शेवटी दोष निघाला तेव्हा खर्च आला तो हातभर वायरचा आणि पॉलिश पेपरच्या एका तुकड्याचा.

ती रात्र सांगायला हवी, कारण तिथूनच आम्ही या विषयात शिरलो. ऑगस्टचा पाऊस. अम्मीच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन भंडाऱ्याला झालं होतं. तिच्या डोळ्यावर पट्टी होती आणि मगरिबनंतर आम्ही तिला घेऊन घरी निघालो. हेडलाइट, वायपर, ब्लोअर, सगळं चालू. अड्याळ मागे पडलं तसा वायपर दमल्यासारखा हलू लागला. मग हेडलाइट पिवळे पडले, मग कंदिलासारखे झाले. हॉर्न दाबला तर घशातल्या घशात आवाज. समोर एक एसटी होती, तिच्या मागच्या लाल दिव्यांवर नजर ठेवून कसेबसे पवनीपर्यंत आलो. अम्मी मागून विचारत होती, "इतना आहिस्ता क्यूं चला रहे, बेटा?" रस्ता खराब आहे, म्हणालो.

इंजिन मात्र बंद पडलं नाही. जुन्या डिझेल गाडीचं हे एक बरं असतं. डिझेल पेटतं ते सिलिंडरमध्ये दाबलेल्या हवेच्या उष्णतेने आणि जुना पंप यांत्रिक असतो, त्यामुळे एकदा इंजिन सुरू झालं की त्याला विजेची फारशी गरज उरत नाही. पेट्रोल गाडीचं तसं नाही. जुन्या मारुती 800 सारख्या गाडीत प्लगची ठिणगी बॅटरीच्या विजेवर पडते. चार्जिंग थांबलं आणि बॅटरी उतरली की ती गाडी रस्त्यातच उभी राहते. म्हणून पेट्रोल गाडीवाल्यांनी पुढचं जरा जास्त लक्ष देऊन वाचावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पवनीच्या एका उस्तादांकडे काम करणारा मुलगा आला. दहावीपर्यंत आमच्याच वर्गात होता. आम्ही त्याला सांगितलं, "ही बॅटरी काढ, दुकानदाराच्या तोंडावर मारून येतो." तो हसला. "सर, बॅटरी का कसूर नहीं है. पहले मीटर तो लगाने दो."

टाकी, मोटर आणि पाईप

गाडीतली वीज समजायला घरची पाण्याची टाकी डोळ्यासमोर आणा. बॅटरी म्हणजे टाकी. अल्टरनेटर (आपल्याकडे अजून बरेच जण त्याला डायनमोच म्हणतात) म्हणजे मोटर. मधल्या वायरी, टर्मिनल, बोल्ट म्हणजे पाईप. टाकी रोज रिकामी होत असेल तर कोणी लगेच नवी टाकी आणत नाही. मोटर चालते का, पाईप तुंबला का, कुठे गळतंय का, हे आधी बघतो. गाडीच्या बाबतीत मात्र आपण सरळ टाकी बदलतो, कारण दुकानात टाकीच विकायला ठेवलेली असते.

अल्टरनेटरच्या आत काय होतं ते आपल्या मुलांच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे. मायकेल फॅराडे यांनी 1831 साली दाखवलेलं तत्त्व: तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबकीय क्षेत्र बदललं की तारेत वीज निर्माण होते. अल्टरनेटरमध्ये मधला भाग, म्हणजे रोटर, विद्युतचुंबक होऊन फिरतो आणि बाहेरच्या वेटोळ्यांत वीज तयार होते. ती उलटसुलट वाहणारी वीज असते. डायोड तिला एका दिशेची करतात आणि रेग्युलेटर तिचा दाब आवरतो. लक्षात ठेवायची गोष्ट ही की रोटरला चुंबक व्हायला आधी थोडी वीज लागते आणि ती बॅटरीतूनच येते. म्हणूनच बॅटरी पार मेलेली असेल तर धक्का मारून गाडी सुरू केली तरी कधी कधी चार्जिंग सुरूच होत नाही.

फार जुन्या जीप किंवा अॅम्बेसेडरवाल्यांसाठी एक वेगळी सूचना. त्यांत खरोखरचा डायनमो असू शकतो, सोबत कटआऊट आणि रेग्युलेटरची डबी. डायनमो इंजिनाच्या मंद गतीला चार्ज करू शकत नाही, त्यामुळे सिग्नलला उभं असताना दिवे मंदावणं ही त्याची चालच आहे, बिघाड नाही. स्वस्त आणि टिकाऊ डायोड आले तेव्हाच गाड्यांत अल्टरनेटर परवडू लागला. अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने 1960 साली व्हॅलियंट गाडीत तो दिला, आणि मग हळूहळू सगळीकडे डायनमो मागे पडला.

पहिलं माप इंजिन बंद असताना

साधा डिजिटल मल्टिमीटर तीन-चारशे रुपयांत मिळतो. ज्या घरात जुनी गाडी आहे त्या घरात तो असलाच पाहिजे, असं आमचं आता ठाम मत आहे. त्याचा खटका डीसी 20 व्होल्टवर ठेवा. लाल टोक बॅटरीच्या प्लसला, काळं मायनसला.

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी, इंजिन सुरू करण्याआधी मोजा. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा घरं असतात, प्रत्येक घर साधारण 2.1 व्होल्टचं. म्हणजे भरलेली बॅटरी 12.6 च्या आसपास दाखवते. 12.4 म्हणजे पाऊण भरलेली, 12.2 म्हणजे अर्धी, आणि 12 म्हणजे जवळजवळ रिकामी. इथे बरेच जण फसतात. "बारा व्होल्टची बॅटरी आहे, बारा दाखवते, म्हणजे चांगली आहे" असं म्हणतात. नाही, बारा म्हणजे तळ गाठलाय. गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर आकडा फुगलेला येतो. अशा वेळी दोन मिनिटं हेडलाइट लावून बंद करा, थोडं थांबा, मग मोजा.

आता एकाला सेल्फ मारायला सांगा आणि आकडा बघा. तो साडेनऊच्या खाली कोसळत असेल तर एक तर बॅटरी रिकामी आहे किंवा आतून खराब. रात्रभर चार्जरवर हळू चार्ज करून पुन्हा हीच परीक्षा घ्या. भरल्यानंतरही कोसळली तरच बॅटरीला दोष द्या. घरांची झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटरने प्रत्येक घरातलं अॅसिड तपासता येतं. पाच घरं सारखी आणि एक बरंच खाली, असं दिसलं तर त्या बॅटरीचा निकाल लागला समजा.

पाण्याची पातळी बघणं ही आपल्या विदर्भात खास गरजेची गोष्ट. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, त्यात बॉनेटखालची उष्णता वेगळी. पाणी उडतं, प्लेटा उघड्या पडतात आणि उघडी पडलेली प्लेट पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. टाकायचं ते डिस्टिल वॉटरच. बोअरिंगचं पाणी नाही, गाळलेलं नाही, आरओचंही नाही. अॅसिड तर कधीच वरून ओतायचं नाही, कारण उडतं ते फक्त पाणी.

दुसरं माप इंजिन चालू असताना

इंजिन सुरू करून वेग जरा वाढवा आणि बॅटरीवर पुन्हा मोजा. 13.8 ते 14.4 च्या दरम्यान आकडा आला तर चार्जिंग पोहोचतंय. मग हेडलाइट आणि ब्लोअर लावा. तेव्हाही तो साडेतेराच्या खाली फारसा जाता कामा नये. इंजिन चालू असूनही 12.3, 12.2 असा उतरतच चालला असेल तर गाडी बॅटरी खाते आहे, भरत नाही.

आमच्या जीपमध्ये दिवे लावल्यावर आला 12.7. म्हणजे भरणंही नाही आणि उतरणंही नाही. "अल्टरनेटर गेला," आम्ही लगेच निकाल दिला. मुलाने मान हलवली आणि आधी पट्ट्याला हात लावला.

पट्टा, म्हणजे फॅन बेल्ट, दोन पुल्यांच्या मध्ये अंगठ्याने दाबला की साधारण सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर दबावा. जास्त सैल असेल तर तो घसरतो आणि दिवे लावताच किंवा पावसात चीं-चीं आवाज करतो. आतली बाजू काचेसारखी चकचकीत झाली असेल तर ताणून उपयोग नाही, पट्टा बदलाच. फार कसून ताणला तर अल्टरनेटरचं बेअरिंग जातं. हे सगळं अर्थात इंजिन बंद करून. ओढणीचं किंवा दुपट्ट्याचं टोक, सैल बाही, पट्ट्याजवळ काहीच नको. मुलं बॉनेटभोवती गोळा होतात, त्यांना आधी मागे करा.

मग डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा. किल्ली फिरवली की तो लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झालं की विझला पाहिजे. पुष्कळ जुन्या गाड्यांत रोटरला पहिली वीज या दिव्यातूनच जाते. तो बल्ब उडाला असेल तर अल्टरनेटर जागाच होत नाही, किंवा इंजिन खूप रेस केल्यावर होतो. दहा-वीस रुपयांच्या बल्बपायी अल्टरनेटर उघडलेले लोक आहेत. बल्ब ठीक असून लागत नसेल तर वायर तुटलेली किंवा कार्बन ब्रश झिजलेले. याची एक गावठी पण पक्की परीक्षा: किल्ली चालू, इंजिन बंद ठेवून अल्टरनेटरच्या मागच्या बेअरिंगजवळ पेचकसाचं टोक न्या. चुंबकासारखं ओढलं गेलं तर रोटरला वीज पोहोचते आहे. आमचं टोक ओढलं गेलं. दिवाही वेळेवर लागत होता आणि विझत होता.

तरीही बॅटरीवर 12.7.

वीज मधेच कुठे जाते?

इथे त्या मुलाने जे केलं ते बघून, वर्षानुवर्षं फळ्यावर ओहमचा नियम लिहिणारे आम्ही ओशाळलो. त्याने मीटरची दोन्ही टोकं बॅटरीवरून काढून अल्टरनेटरवरच लावली. लाल त्याच्या जाड वायरच्या बोल्टला आणि काळं त्याच्या अंगाला. आकडा आला 14.1. म्हणजे अल्टरनेटर आपलं काम चोख करत होता. तिथून 14.1 निघतात, बॅटरीवर 12.7 पोहोचतात. मधले 1.4 व्होल्ट रस्त्यात कोणीतरी घेत होतं.

ते शोधायची पद्धत गॅरेजमध्ये 'ड्रॉप बघणे' म्हणून ओळखली जाते. इंजिन चालू, दिवे आणि ब्लोअर चालू. मीटर डीसी व्होल्टवरच. पण आता दोन्ही टोकं एकाच बाजूच्या वायरच्या दोन टोकांना लावायची. आधी प्लसची बाजू: एक टोक अल्टरनेटरच्या जाड बोल्टवर, दुसरं बॅटरीच्या प्लसच्या शिशाच्या खुंटीवर. क्लॅम्पवर नाही, खुंटीवरच, कारण पुष्कळदा दोष क्लॅम्प आणि खुंटी यांच्यामध्येच लपलेला असतो. वायर चांगली असेल तर मीटर जवळजवळ शून्य दाखवतो. 0.2 किंवा 0.3 पर्यंत चालतं. आमचा आला 0.15. ठीक.

मग मायनसची बाजू, जिच्याकडे कोणी बघत नाही. एक टोक बॅटरीच्या मायनस खुंटीवर, दुसरं अल्टरनेटरच्या अंगावर. मीटरने दाखवले 1.25.

सापडला. पण कुठे? मुलाने बॅटरीकडचं टोक तसंच ठेवून दुसरं टोक एकेक पायरी पुढे सरकवलं. चेसिसवर जवळजवळ शून्य. इंजिनाच्या ब्लॉकवर 0.05. अल्टरनेटर ज्या ब्रॅकेटवर बसतो त्या ब्रॅकेटच्या बोल्टपलीकडे गेला की एकदम 1.25. म्हणजे इंजिन आणि अल्टरनेटर यांच्यामधल्या त्या एका सांध्यात वीज अडत होती. मायनसची वीज वेगळ्या वायरने येत नाही, ती अल्टरनेटरच्या अंगातून, ब्रॅकेटमधून, इंजिनातून येते, हे आम्हाला पुस्तकातून माहीत होतं आणि गाडीत कधी सुचलं नव्हतं.

आता लाज वाटते ते सांगतो. आदल्या वर्षी इंजिनाचं काम निघालं होतं तेव्हा आम्हीच हौसेने त्या ब्रॅकेटला काळा ऑइलपेंट मारला होता. दोन्ही बाजूंनी, बोल्टच्या भोकासकट. रंग वीज जाऊ देत नाही. बोल्टच्या आट्यांतून जेवढी जात होती तेवढ्यावर गाडी वर्षभर चालली. पुढे गंज चढला, बोल्ट सैल झाला आणि त्या रात्री खड्ड्यांच्या रस्त्यावर संपर्क पार सुटला. उरला भार सगळा बॅटरीवर, आणि ती बिचारी आधीच अर्धी उपाशी.

हिशेब मांडून बघा. दोन हेडलाइट मिळून 110 वॅट, म्हणजे 9 अँपियर. त्यात ब्लोअर, वायपर, मागचे दिवे आणि बॅटरी भरायला जाणारी वीज धरली तर 25 अँपियर सहज होतात. 25 अँपियर वाहत असताना 1.25 व्होल्ट अडत असतील तर त्या सांध्याचा रोध झाला 0.05 ओहम. एवढा बारीक रोध साधा मीटर ओहमच्या खटक्यावर दाखवूच शकत नाही, मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच रोध त्याहून जास्त असतो. म्हणून वायर काढून 'कंटिन्यूइटी' बघणारा मेकॅनिक बझर वाजला की म्हणतो, वायर ठीक आहे. ती बझर वाजवण्याइतकी ठीक असते, पंचवीस अँपियर वाहण्याइतकी नसते. दोष भार असतानाच पकडावा लागतो. शिवाय 25 गुणिले 1.25 म्हणजे 31 वॅटची उष्णता त्या सांध्यावर तयार होते. संशय असेल तर गाडी चालवून आल्यावर इंजिन बंद करा आणि टर्मिनलजवळ हात न्या. वीज नीट वाहणारा जोड गरम लागत नाही. अल्टरनेटरवर बोल्ट मात्र हाताने चाचपू नका, तो इंजिनामुळेही तापलेला असतो.

ब्रॅकेट काढलं, जिथे धातूला धातू टेकतो तेवढा रंग पॉलिश पेपरने घासून चकचकीत केला, बोल्ट कसला आणि अल्टरनेटरच्या अंगापासून थेट इंजिन ब्लॉकपर्यंत एक वेगळी जाड वायर टाकली. पुन्हा मोजलं: बॅटरीवर 13.9, दिव्यांसकट.

दोष अल्टरनेटरच्या सांध्यात असल्यामुळे आमचा सेल्फ मात्र शेवटपर्यंत बरा चालला. हे निदानात उपयोगी पडतं. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी खराब असेल तर चित्र वेगळं दिसतं. सेल्फही आळसावतो किंवा नुसता टक-टक करतो, आणि वीज दुसरी वाट शोधते. अॅक्सिलरेटरची तार गरम लागली तर ओळखा, सेल्फची वीज त्या तारेतून घरी चालली आहे.

टर्मिनलवर जमणारी पांढरी-हिरवी पूड हा आणखी एक चोर. गरम पाण्यात खायचा सोडा घालून ओता, जुन्या टूथब्रशने घासा, कोरडं करा, क्लॅम्प कसा आणि मगच वरून व्हॅसलीन लावा. आधी व्हॅसलीन आणि मग क्लॅम्प, असं नाही.

चार्जिंग बरोबर, तरी सकाळी बॅटरी उतरलेली

हा वेगळा आजार आहे. मोटर चालते, पाईप ठीक, पण टाकीला कुठेतरी रात्री गळती. मायनसचा क्लॅम्प काढा, मीटर 10 अँपियरच्या भोकात आणि खटक्यावर घ्या, एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं काढलेल्या क्लॅम्पला. किल्ली बंद, दारं बंद. जुन्या गाडीत आकडा 0.05 अँपियरच्या आत असावा, साध्या जीपमध्ये तर जवळजवळ शून्य. हे माप चालू असताना सेल्फ चुकूनही मारू नका, मीटर जळेल. अर्धा अँपियर जरी गळत असला तरी 24 तासांत 12 अँपियर-तास जातात, आणि 60 ची बॅटरी पाच दिवसांत रिकामी. आकडा मोठा आला तर एकेक फ्यूज काढून बघा. ज्या फ्यूजला आकडा पडतो, चोर त्याच वाटेवर आहे.

आमच्या अनुभवात तो चोर बहुतेक नंतर बसवलेल्या वस्तूत सापडतो. म्युझिक सिस्टीम, मोबाइलचा चार्जर, पार्किंगचे रंगीत दिवे, लग्नाच्या सीझनमध्ये कोणीतरी घाईत थेट बॅटरीवरून ओढलेली वायर. सगळे फ्यूज काढूनही गळती थांबली नाही तर अल्टरनेटरचे डायोड तपासा. पहाटे, गाडी रात्रभर थंड झालेली असताना अल्टरनेटरला हात लावा. तो कोमट लागला तर डायोडमधून रात्रभर उलटी वीज वाहत होती. दुसरी परीक्षा अशी: इंजिन चालू ठेवून मीटर एसी व्होल्टवर लावा, अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसलं तर डायोड गेलेला असण्याची शक्यता मोठी. फक्त काही स्वस्त मीटर एसीच्या खटक्यावर बॅटरी नुसती जोडली तरी पंचवीस-अठ्ठावीस दाखवतात. इंजिन बंद असताना आधी तपासा. शून्य न दाखवणाऱ्या मीटरवर या परीक्षेसाठी भरवसा नको.

आणि जास्त चार्जिंग

याची तक्रार घेऊन कोणी येत नाही, कारण दिवे मस्त उजळतात. मग बल्ब वरचेवर उडतात, बॅटरीचं पाणी आठवड्याला संपतं, सड्या अंड्यासारखा वास येतो. मीटर 15 व्होल्टच्या वर गेला तर रेग्युलेटर बघा. रेग्युलेटर वेगळ्या डबीत असलेल्या जुन्या गाड्यांत इथेही अर्थिंगचा खेळ असतो. डबीचा अर्थ सैल झाला की तिला दाब कमी वाटतो आणि ती अल्टरनेटरला आणखी रेटते. नवीन डबी घेण्याआधी तिचे स्क्रू काढून जागा घासून बघा.

मोटरसायकलचं थोडक्यात. जुन्या स्प्लेंडरसारख्या गाड्यांत हेडलाइट थेट कॉइलच्या विजेवर चालतो, बॅटरीवर नाही. म्हणून हेडलाइट रेसबरोबर कमी-जास्त होणं तिथे स्वाभाविक आहे. हॉर्न आणि इंडिकेटर मंद असतील तर बॅटरी, आरआर युनिट आणि त्याचा अर्थ, या क्रमाने बघा.

काही गोष्टी मात्र करायच्याच नाहीत. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून "गाडी चालते का" बघण्याची आपल्याकडे मोठी खोड आहे. डायनमोच्या जमान्यातली ती परीक्षा अल्टरनेटरचे डायोड आणि रेग्युलेटर क्षणात जाळू शकते. बॅटरी काढताना आधी मायनस सोडा आणि लावताना मायनस शेवटी जोडा. म्हणजे पाना चुकून बॉडीला टेकला तरी भडका उडत नाही. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. तिच्याजवळ बिडी, काडी, मोबाइलची टॉर्च सोडून दुसरा कुठलाही उजेड नको. अॅसिड डोळ्यात गेलं तर भरपूर साध्या पाण्याने धूत राहा आणि दवाखाना गाठा.

दुसरी बॅटरी आम्ही परत केली नाही. त्या मुलाने ती रात्रभर चार्जरवर ठेवली आणि तीच परत बसवली. पैसे देऊ लागलो तर नको म्हणाला, वायरचे तेवढे घेतले. जाताना त्याने गाडीच्या कप्प्यात शाळेची एक जुनी वही ठेवायला लावली. महिन्यातून एकदा त्यात तीन आकडे लिहितो: सकाळचा, इंजिन चालू असतानाचा आणि मायनसच्या बाजूचा ड्रॉप. अम्मीच्या दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनला निघायच्या आदल्या दिवशी लिहिलेले होते 12.6, 14.1 आणि 0.1. येताना पुन्हा अंधार झाला, पण एसटी शोधावी लागली नाही.